स्वस्ताईचं कुंपण

मार्च २००९मध्ये ‘एम्पायर : टोटल वॉर’ हा गेम बाजारात आला. बनवणारी क्रिएटिव्ह असेंब्ली ही इंग्लंडमधली कंपनी, प्रकाशक जपानची सेगा. जगाचा नकाशा १७०० सालचा. खेळायला ब्रिटन घ्या, फ्रान्स घ्या, प्रशिया किंवा ऑटोमन साम्राज्य घ्या. आणि त्याच यादीत मराठे. गंमत म्हणजे मोगल नकाशावर होते, पण खेळाडूला घेता येत नव्हते. मराठे घेता येत होते. औरंगजेब दख्खनमध्ये तळ ठोकून बसला आहे, अशा काळात खजिना, फौज, करआकारणी, आरमार सगळं आपल्या हाती. इथल्या पोरांनी या गेमवर जीव टाकला तो उगाच नाही.

डबा फोडून डीव्हीडी ड्राइव्हमध्ये सरकवली, की मात्र पहिला धक्का बसायचा. गेम सुरू होण्याआधी स्टीम नावाचं वेगळंच सॉफ्टवेअर बसवा, त्यावर खातं उघडा, डब्यातल्या कागदावरची किल्ली टाइप करा, इंटरनेट जोडलेलं ठेवा आणि अपडेट उतरेपर्यंत थांबा. ज्या घरात इंटरनेट मोजूनमापून वापरलं जायचं, तिथे हे प्रकरण रात्रभर चालायचं. किल्ली एकदा एका खात्यावर चढली की कायमची तिथलीच. खेळून कंटाळा आल्यावर डीव्हीडी मित्राला दिली, तर त्याच्या हाती पडायची ती नुसती चकचकीत चकती. पैसे मोजून आणलेली वस्तू उसनी देता येत नाही आणि विकताही येत नाही, हा अनुभव तेव्हा नवा होता.

आता डबाही गेला. गेम थेट उतरवून घ्यायचा, पैसे यूपीआयने द्यायचे, आणि भाव अमेरिकेतल्या माणसापेक्षा बराच कमी. ही स्वस्ताई आणि ती न विकता येणारी किल्ली यांचं नातं फार घट्ट आहे. एक हवी तर दुसरी घ्यावी लागते, असं माझं मत होत गेलं आहे. ते कसं, ते सांगतो.

स्टीम हे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या व्हॉल्व्ह कंपनीचं दुकान. १२ सप्टेंबर २००३ रोजी ते सुरू झालं तेव्हा काम एवढंच होतं, की कंपनीच्या स्वतःच्या गेमना अपडेट पोहोचवायचे. २००४च्या नोव्हेंबरात ‘हाफ-लाइफ २’ हा कंपनीचा बंदुकांचा गेम आला आणि स्टीमशिवाय तो चालणारच नाही असं ठरलं. लोक चिडले, शिव्या घातल्या, आणि स्टीम बसवलं. बंदुकांच्या गेमच्या जोरावर हे दुकान उभं राहिलं असा समज त्यामुळे रूढ झाला. तो खराही आहे. पण डाउनलोड करून गेम विकण्याचा धंदा ज्यांनी फार लवकर मनावर घेतला, त्यांत ‘एम्पायर’सारखे डावपेचांचे, म्हणजे स्ट्रॅटेजी गेम बनवणारे होते, आणि त्यांची कारणं वेगळी होती.

स्ट्रॅटेजी गेमचा गिऱ्हाईक हा विचित्र प्राणी. तो संख्येने थोडा, जगभर विखुरलेला, आणि एकच गेम आठ-दहा वर्षं खेळणारा. दुकानदाराला असा गिऱ्हाईक नको असतो. त्याला फळीवर दर महिन्याला नवा डबा हवा. मग सोळाव्या शतकातल्या युरोपच्या व्यापारमार्गांवरचा, रंगीत नकाशापलीकडे काही न दाखवणारा गेम फळीवर किती दिवस राहणार? स्वीडनच्या पॅरडॉक्स कंपनीने या अडचणीवर २००६मध्ये स्वतःचंच डाउनलोडचं दुकान काढलं, गेमर्सगेट. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या स्टारडॉकने ‘गॅलॅक्टिक सिव्हिलायझेशन्स २’ बाजारात आणला. त्याच्या डिस्कवर कॉपी रोखणारं कसलंही कुलूप नव्हतं. तुम्ही गिऱ्हाईक म्हणून नोंद करा, आम्ही अपडेट देत राहू, एवढाच सौदा. चोरी थांबवण्यापेक्षा गिऱ्हाईक टिकवणं महत्त्वाचं, हे स्टारडॉकला तेव्हाच उमगलं होतं. पुढे गेमर्सगेट स्टीमच्या सावलीत झाकोळलं, हा भाग वेगळा.

आपल्याकडचं चित्र काय होतं? मुंबईत लॅमिंग्टन रोड होता. कॉम्प्युटरचे सुटे भाग घ्यायला गेलेला माणूस परतताना कॉपी केलेल्या गेमच्या दोन-चार सीडी पिशवीत टाकूनच यायचा. गावोगावच्या सायबर कॅफेंत ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या एकाच कॉपीवर सगळी मशीनं चालायची. या सवयीला नीतीच्या तराजूत तोलणारे लेख पुष्कळ झाले. मला त्यातला हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो. प्रामाणिकपणे विकत घ्यायचं ठरवलं तरी भाव डॉलरमध्ये. कॉलेजमधल्या पोराकडे आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड कुठलं? वडिलांचं असलं तरी ते ‘गेमसाठी’ मागायची हिंमत कुठली?

‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’ हा पॅरडॉक्सचा गेम १३ ऑगस्ट २०१३ रोजी आला. किंमत ४० डॉलर. त्या दिवशी डॉलर एकसष्ट रुपयांच्या आसपास होता, म्हणजे सुमारे २,४५० रुपये. महिना संपण्याआधी रुपया घसरत ६८च्या पार गेला. त्याच गेमचे तेव्हा २,७०० रुपयांच्या वर झाले. गेम तोच, कंपनीने भावाला हातही लावलेला नाही, पण इथे तीनशेच्या घरात वाढ. पगार रुपयात आणि भाव डॉलरमध्ये असला की असं होतं.

नोव्हेंबर २०१५मध्ये स्टीमने भारतासाठी रुपयातले भाव सुरू केले. वरवर पाहता हा चलनाचा बदल. प्रत्यक्षात तो धोरणाचा बदल होता. डॉलरच्या भावाला विनिमयदराने गुणून रुपये काढायचे, असं व्हॉल्व्हने केलं नाही. प्रकाशकांसमोर एक शिफारसतक्ता ठेवला : अमेरिकेत अमुक डॉलर असेल तर भारतात इतके रुपये, ब्राझीलमध्ये इतके रिआल, तुर्कस्तानात इतके लिरा. स्थानिक माणसाची खरेदीची ताकद पाहून काढलेले हे आकडे. ते पाळायचे की नाही हे प्रकाशकावर. काही पाळतात, काही सरळ डॉलरच्या जवळ जाणारा भाव लावतात, म्हणून दुकानात एकाच भारतीय गिऱ्हाइकाला एक गेम अमेरिकेच्या निम्म्या भावात दिसतो आणि शेजारचा जवळजवळ पूर्ण भावात. अमेरिकेत २० डॉलरला असलेले कितीतरी छोटे स्ट्रॅटेजी गेम आपल्याला हजार रुपयांच्या आत मिळतात, ते या तक्त्यामुळे. परदेशी कंपनीने भारतीय गिऱ्हाइकाला विकलेल्या अशा डिजिटल सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो, तरीही.

यात विक्रेत्याचा दानधर्म नाही. गेमची एक प्रत जास्त विकायला कंपनीला जवळपास काही खर्च येत नाही. विकत घेणारच नव्हता अशा पुण्या-नाशकातल्या पोराने आठशे रुपये दिले, तर ते आठशेच्या आठशे नवे. त्यातला स्टीमचा वाटा सुरुवातीला ३० टक्के, बाकी कंपनीचे. फक्त एक धोका उरतो. तोच आठशेचा गेम शिकागोतल्या माणसाने घेतला तर?

इंजिनिअरिंग केलेल्या मराठी वाचकाला हा धोका समजावून सांगायची गरज नाही. परदेशी लेखकाचं जाडजूड पुस्तक, पिवळट कागद, मऊ कव्हर, आणि त्यावर छापलेलं की ही आवृत्ती फक्त भारत व आसपासच्या देशांत विक्रीसाठी. अमेरिकेत शंभर डॉलरचं पुस्तक इथे काहीशे रुपयांत. अमेरिकेत शिकणाऱ्या सुपाप किर्टसेंग या थायलंडच्या विद्यार्थ्याने थायलंडमधल्या नातेवाइकांकडून अशा स्वस्त आवृत्त्या मागवल्या आणि अमेरिकेत विकल्या. जॉन वायली या प्रकाशनसंस्थेने दावा लावला. मार्च २०१३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिला : कायदेशीररीत्या छापलेली आणि विकलेली प्रत कुठेही छापलेली असो, घेणारा ती पुढे विकू शकतो. कव्हरवरच्या इशाऱ्याने पुस्तकाचा प्रवास थांबत नाही.

पुस्तकाचा थांबला नाही, गेमचा थांबतो. डाउनलोड केलेला गेम खात्याला बांधलेला, खातं देशाला बांधलेलं. दोन देशांतले वेगवेगळे भाव टिकायचे असतील तर माल एका देशातून दुसऱ्या देशात जाता कामा नये, ही त्याची पहिली अट. म्हणजे आपल्याला रुपयातला भाव मिळतो तोच मुळी गेम पुढे विकता येत नाही म्हणून. अगदी बेळगावच्या मित्रालाही नाही. कुंपण आहे, म्हणून आतल्या बाजूला स्वस्ताई आहे.

हे कुंपण एकदम उभं राहिलं नाही. डिसेंबर २०१४मध्ये रशिया, दक्षिण अमेरिका, आग्नेय आशिया अशा स्वस्त भागांतून भेट म्हणून पाठवलेले गेम बाहेर चालू होऊ नयेत अशी व्यवस्था झाली. २०१७मध्ये भेट देण्याची पद्धत बदलली. दोन देशांतल्या भावांत फार अंतर असेल तर भेट जातच नाही. २०२१पासून खात्याचा देश तीन महिन्यांतून एकदाच बदलता येतो आणि त्यासाठी त्या देशातलं पैसे देण्याचं साधन लागतं. व्हीपीएन लावून, म्हणजे आपण दुसऱ्याच देशात असल्याचं भासवून, अर्जेंटिनाचे नागरिक झालेल्या जगभरच्या लोकांसाठी ही तटबंदी होती.

ती पुरली नाही. अर्जेंटिनाचा पेसो आणि तुर्कस्तानचा लिरा वेगाने घसरत होते, शिफारसतक्ता मात्र जुनाच. ऑक्टोबर २०२२मध्ये व्हॉल्व्हने तो नव्याने काढला, तेव्हा ६० डॉलरच्या गेमसाठी या दोन्ही देशांतली शिफारस पाच पटींहून अधिक वाढली. भारताचीही वाढली, बरीच वाढली, पण इतकी नाही. वर्षभराने, २० नोव्हेंबर २०२३ रोजी, पेसो आणि लिरा दोन्ही स्टीमवरून गेले. तिथल्या गिऱ्हाइकांना आता डॉलरमध्येच भाव दिसतो. त्यांच्या भागासाठी डॉलरचाच कमी भाव लावायची सोय प्रकाशकांना आहे, पण चलन स्वतःचं नाही. पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका यांनाही असाच दक्षिण आशियाचा वेगळा डॉलरभाव आहे. व्हीपीएनवाल्यांनी इस्तंबूलच्या पोराचं नुकसान केलं, असं मी स्पष्ट म्हणेन. रुपया टिकला, कारण तो त्या वेगाने कोसळला नाही आणि भारताची बाजारपेठ मोठी आहे. तो कायमचा टिकेल असं कुणी लिहून दिलेलं नाही.

भाव मनाला येईल तसा वाढवला की काय होतं, हे पॅरडॉक्सने २०१७मध्ये पाहिलं. मे महिन्यात कंपनीने कित्येक देशांतले भाव गुपचूप वर नेले. जुन्या, वर्षानुवर्षं विकल्या जाणाऱ्या गेमचेही. खेळाडूंनी स्टीमवर नापसंतीचा पाऊस पाडला. जूनमध्ये कंपनीचे प्रमुख फ्रेडरिक वेस्टर यांनी माघार घेतली आणि भाव पूर्ववत करायचं जाहीर केलं. गिऱ्हाईक थोडे पण चिवट असतात, त्याचा असाही फायदा.

मग जगभर एकच भाव लावावा, हा त्याहून न्यायाचा मार्ग नाही का? पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००८मध्ये सुरू केलेल्या गॉग या दुकानाचा तोच बाणा होता. जुने गेम, कुलूप नाही, सगळ्यांना एक किंमत. २०१४मध्ये त्यांनी नव्या गेमसाठी प्रादेशिक भाव आणायचे ठरवले तेव्हा त्यांच्याच गिऱ्हाइकांनी गदारोळ केला. तोडगा असा निघाला, की तुमच्या देशात भाव जास्त असेल तर फरकाची रक्कम दुकानातल्या खरेदीसाठी परत मिळेल. ही सवलत ३१ मार्च २०१९ रोजी बंद झाली. परवडत नव्हती, हे कारण. पण त्या गदारोळात बहुतेक आवाज श्रीमंत देशांतले होते, ज्यांना अमेरिकेपेक्षा चार युरो जास्त पडत होते. वॉशिंग्टन आणि वर्धा या दोन्हीकडे दहा डॉलर, ही समता वर्ध्यातल्या माणसाला फार महाग पडते.

युरोपियन कमिशनला मात्र कुंपण मान्य नाही. निदान स्वतःच्या अंगणात तरी नाही. २० जानेवारी २०२१ रोजी कमिशनने व्हॉल्व्ह आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड ठोठावला. पोलंड, हंगेरी, रुमानिया, झेकिया अशा तुलनेने गरीब सदस्यदेशांत विकलेल्या किल्ल्या इतर युरोपीय देशांत चालू होऊ नयेत, असा अडसर सुमारे शंभर गेमवर लावला होता. एकच बाजारपेठ म्हणजे एकच बाजारपेठ, ही कमिशनची भूमिका सप्टेंबर २०२३मध्ये युरोपच्या न्यायालयानेही उचलून धरली. कायद्याने बरोबर. पण पोलंडमध्ये स्वस्त विकलेली किल्ली जर्मनीत चालणार असेल, तर पोलंडला स्वस्त विकण्याचं प्रकाशकाला कारण उरत नाही. एका हाताने हक्क, दुसऱ्या हाताने महागाई.

कुंपणाला भोकं पाडून जगणारा एक चोरबाजारही आहे : किल्ल्यांची पुनर्विक्री करणाऱ्या वेबसाइट. तिथला भाव पाहून भल्याभल्यांचा तोल जातो. माझा पुण्यात शिकणारा भाचा मला म्हणाला होता, “मामा, ऑफिशियलवर बाराशेला आहे, इथे साडेतीनशे. वेडे आहोत का आपण?” मी त्याला ‘फॅक्टोरिओ’ची गोष्ट सांगितली. कारखाने उभारण्याचा हा गेम बनवणाऱ्या झेकियातल्या वूब कंपनीला, चोरलेल्या क्रेडिट कार्डांवर आपल्या किल्ल्या घेतल्या जातात आणि अशा बाजारांत विकल्या जातात, हे लक्षात आलं. कार्डाचा खरा मालक तक्रार करतो, बँक पैसे परत घेते, वर दंड बनवणाऱ्याला. जीटूए या बाजाराने तपासणीची तयारी दाखवली, तपासणीत अशा १९८ किल्ल्या सापडल्या आणि २०२०मध्ये त्यांनी वूबला ४० हजार डॉलरच्या घरात भरपाई दिली. भाच्याने ऐकून घेतलं आणि सेलची वाट बघायचं ठरवलं. हाच खरा शहाणपणा. स्टीमचे मोठे सेल ऋतूंप्रमाणे येतात, आणि दोन-तीन वर्षं जुने स्ट्रॅटेजी गेम तेव्हा निम्म्याहून खाली जातात. ‘फॅक्टोरिओ’ अपवाद. तो कधीच सेलमध्ये येत नाही, उलट २०२३मध्ये त्याचा भाव वाढला.

मोफतही मिळतं. डिसेंबर २०१८मध्ये आलेल्या, एपिक या गेमकंपनीच्या दुकानाने स्टीमशी टक्कर द्यायला दर आठवड्याला फुकट गेम वाटायला घेतले. मे २०२०मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, ‘सिव्हिलायझेशन ६’ वाटला. तेव्हा घेतला त्यांच्या खात्यावर तो आजही आहे.

परदेशी गेलेल्या मराठी माणसाला हे कुंपण दोन्ही बाजूंनी लागतं. माझा मावसभाऊ नोकरीसाठी न्यू जर्सीला गेला. रुपयात घेतलेले गेम त्याच्याकडे राहिले, पण खात्याचा देश बदलताच मूळ गेमचे पुढचे विस्तार डॉलरच्या भावात. पुण्याच्या भाच्याला दिवाळीची भेट द्यायला गेला, तर भावातल्या अंतराची अडचण. डिजिटल गिफ्ट कार्डाने ती सुटते, त्याची रक्कम घेणाऱ्याच्या चलनात बदलून जमा होते. फक्त स्टीमवर ते दोघे किमान तीन दिवस ‘फ्रेंड’ असावे लागतात. मामा-भाचे असले तरी. सप्टेंबर २०२४पासून कुटुंबातल्या सहा जणांना एकमेकांचे गेम वापरता येतात, पण एका घरात राहणाऱ्या आणि एकाच देशातल्या. आपल्या कुटुंबाची व्याख्या वेगळी आहे, हे त्यांना कोण सांगणार?

पैसे भरल्यानंतरचं काम म्हणजे गेम बसवणं. मूळ ‘एज ऑफ एम्पायर्स २’ १९९९मध्ये एका सीडीत मावत होता. ‘टोटल वॉर : वॉरहॅमर ३’ला १२० जीबी जागा लागते. ‘एम्पायर’सारखा १५ जीबीचा गेम ५१२ केबीपीएसच्या जोडणीवर उतरवायला सलग ६५ तास लागत. एकेकाळी आपल्याकडे ब्रॉडबँडची सरकारी व्याख्याच तेवढ्या वेगाची होती, आणि ठरलेला डेटा संपला की कंपन्या बहुधा त्याच वेगावर आणून सोडत. आज १०० एमबीपीएसच्या फायबरवर १२० जीबी पावणेतीन तासांत येतं. इथे एक गल्लत हमखास होते : कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, स्टीम मेगाबाइटमध्ये दाखवू शकतं, आणि आठ बिटांचा एक बाइट. शंभराच्या जोडणीवर साडेबारा दिसले म्हणून फायबरवाल्याला फोन करू नका. वेग खरंच कमी असेल तर सेटिंगमध्ये डाउनलोडचा भाग कोणता निवडला आहे ते पाहा. मुंबई असावा, सिंगापूर नव्हे.

लॅपटॉपचा सी ड्राइव्ह भरलेला असतो, ही दुसरी नेहमीची अडचण. स्टीममध्ये वेगळ्या ड्राइव्हवर लायब्ररी करता येते, गेम तिकडे हलवता येतो. घरात दोन मशीनं असतील तर २०२३पासून एकावर उतरवलेला गेम वायफायवरूनच दुसऱ्यावर नेता येतो, पुन्हा डाउनलोड नको. जुन्या मशीनवाल्यांनी ध्यानात ठेवावं, की १ जानेवारी २०२४पासून विंडोज ७ आणि ८ला स्टीमचा आधार नाही. तुमचे जुने गेम विंडोज ७वर मजेत चालत होते. दुकानच तिथे चालेनासं झालं. आणि विंडोजमध्ये स्वतःचं नाव हौसेने देवनागरीत ठेवलं असेल, तर काही जुने गेम सेव्ह करताना अडखळतात, कारण त्यांना फोल्डरच्या नावात रोमन अक्षरंच समजतात. ‘एज ऑफ एम्पायर्स २’च्या २०१९च्या नव्या आवृत्तीत हिंदी आहे, २०२२मध्ये त्यात द्रविड, बंगाली आणि गुर्जरही आले. मराठी भाषा अजून नाही.

गेम आवडला नाही तर? खरेदीपासून १४ दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत, हा स्टीमचा जून २०१५पासूनचा नियम. परताव्याच्याच प्रकरणात ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१६मध्ये व्हॉल्व्हला ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला होता, तेव्हा हा नियम कुणाच्या मेहेरबानीचा नाही. पण दोन तास बंदुकांच्या गेमला पुरतात. ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’मध्ये नकाशा ११ नोव्हेंबर १४४४ रोजी उघडतो, दख्खनवर बहमनी सुलतान बसलेला असतो, आणि मराठा राज्य तुम्हाला स्वतः घडवावं लागतं. व्यापाराची पानं कुठे उघडतात हे समजेपर्यंतच दोन तास सरतात. जेवायला उठताना गेम चालू ठेवलात तरी घड्याळ थांबत नाही. मूळ गेम सेलमध्ये स्वस्त मिळतो, त्याच्यामागे डझनाहून जास्त विस्तारांची रांग उभी असते. भारतावर भर देणारा ‘धर्म’ हा विस्तार सप्टेंबर २०१८मधला. सगळे एकदम घेऊ नका, इतकंच सांगेन.

आता मालकीकडे. पॅरिसच्या न्यायालयाने सप्टेंबर २०१९मध्ये, डाउनलोड केलेला गेम पुढे विकण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे, असं म्हटलं होतं. ऑक्टोबर २०२२मध्ये वरच्या न्यायालयाने ते फिरवलं. कॅलिफोर्नियाने कायदा केला, की असा माल विकताना तुम्ही फक्त परवाना देत आहात हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. तो १ जानेवारी २०२५पासून लागू झाला. त्याआधीच, ऑक्टोबर २०२४पासून, स्टीम पैसे भरण्याच्या पानावर तसं सांगू लागलं. इंटरनेटवर चालणारा ‘एज ऑफ एम्पायर्स ऑनलाइन’ १ जुलै २०१४ रोजी बंद झाला, त्यात घातलेल्या पैशांसकट. जुना ‘वॉरक्राफ्ट ३’ विकत घेतलेल्यांवर जानेवारी २०२०मध्ये नवी आवृत्ती येऊन बसली, हवी असो वा नसो.

उलटा अनुभव गॉगवर येतो. तिथे इन्स्टॉल करायची फाइलच उतरवून घेता येते. बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा, इंटरनेट नसलेल्या मशीनवर बसवा. डिसेंबर २०२४मध्ये प्रकाशकाने जुने दोन ‘वॉरक्राफ्ट’ तिथून काढून घेतले, पण ज्यांनी घेतले होते त्यांच्या फाइल त्यांच्याकडे राहिल्या. १९९९चा ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ तिथे सगळ्या विस्तारांसह मिळतो. स्टीमवर २०१५मध्ये आलेल्या त्याच्या झगमगीत आवृत्तीत विस्तार नाहीत, कारण त्यांचा मूळ सोर्स कोड कंपनीकडून हरवला होता.

रुपयातला भाव मला हवा आहे, आणि त्यासाठी कुंपण मान्य करायची माझी तयारी आहे. बहुतेक गेम आपण दोन-तीन महिने खेळतो, त्यांचा परवानाच पुरेसा आहे, आणि अमेरिकेच्या निम्म्या किमतीत तो महाग नाही. ‘फक्त तीनशे’च्या मोहाने चोरबाजारातून किल्ली घेणं, किंवा आभासी अर्जेंटिनावासी होणं, यात शेवटी तोटा इथल्याच पुढच्या गिऱ्हाइकाचा. जो गेम दहा वर्षांनीही खेळावासा वाटेल असा तुमचा अंदाज असेल, त्याचा हिशेब मात्र वेगळा करा. तो कुलूप नसलेल्या दुकानात मिळतो का ते आधी पाहा, चार पैसे जास्त पडले तरी तिथूनच घ्या, आणि फाइल उतरवून हार्ड डिस्कवर ठेवा.